अर्धी गोळी

या, असे जवळ सरका. मागच्यांनीही पुढे यावं, कारण आजची गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही. या काचवाल्यांच्या घरातले रुसवेफुगवे तुम्ही आतापर्यंत पुष्कळ ऐकलेत, पोट धरून हसलातही. आज एका गोळीची गोष्ट ऐका. नखाएवढी पांढरी गोळी. तिचा अर्धा तुकडा घरातल्या सगळ्यांत थोरल्या लेकाच्या पोटात जायचा आणि अर्धा सगळ्यांत धाकट्या जिवाच्या. देणारा हात एकच, आणि तो इतका मायेचा, की त्याच्याकडे बोट दाखवायला कुणी धजणार नाही.

रविवारची सकाळ होती. कारागिरांना सुट्टी होती, मोठ्या भट्टीला नव्हती. ती आपली मागच्या बाजूला घुमत होती. घर वरच्या मजल्यावर, कारखाना खाली, मध्ये फरशीचं आवार. आवारातल्या लाकडी बाकावर माई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. नात अकरा आठवड्यांची. माईच्या थोरल्या लेकाने, दादाने, तिचं नाव ‘बुडबुडी’ ठेवलं होतं. काचेत बुडबुडा राहिला तर माल परत येतो, म्हणून तिचा बाप, माईचा धाकटा, सुरुवातीला चिडला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

या घराची एक रीत होती. मूल जन्मलं की बापाने स्वतःच्या फुंकणीने त्याच्यासाठी एक छोटा पेला फुंकायचा, आणि तो निववण्याच्या भट्टीतून बाहेर काढायचा दादाने. तापलेली काच थेट उघड्यावर आणली तर दिसायला ती धड असते. मग दोन दिवसांनी, कुणी हातही न लावता, फळीवर बसल्या बसल्या तडकते. म्हणून तिला दुसऱ्या, मंद भट्टीत ठेवायचं आणि तासातासाने आच उतरवत न्यायचं. हे काम दादाचं. बावन्न वर्षांचा माणूस, तिसरीतून शाळा सुटलेली, बोलणं सावकाश, चालणं त्याहून सावकाश, दुपारी गवताच्या पेंढ्यावर डुलकी ठरलेली. पण त्याच्या हातून निवलेली एकही काच आजवर तडकली नव्हती.

“दादा, काढ की आता! पोरगी पेल्याने पाणी प्यायच्या वयाची होईल!” धाकट्याने हाक दिली. दादात आणि त्याच्यात चौदा वर्षांचं अंतर. कारखाना तो सांभाळायचा आणि बुडबुडीचा बाप तोच.

“अजून वीस मिनिटं,” दादा आतून म्हणाला. “तुला घाई होती, म्हणून तर तुझ्या पेल्याची कड वाकडी झाली.”

सगळे हसले. अलीकडे दादा असं पटकन बोलायला लागला होता. दोनेक महिने झाले असतील, सकाळी हाक न मारता उठायचा, गुणगुणायचा, काहीबाही विचारायचा. काका झाल्यापासून माणूस बदलला, असं सगळे म्हणत. माईही तेच म्हणे.

“बुडबुडी उठली की नाही?” सुनेने जिन्यातून विचारलं. सून छापखान्यात मुद्रितं तपासायची. चूक शोधायची डोळ्यांना सवय. हातात तिची ती छोटी वही होती. बाळ किती वाजता प्यालं, किती वेळ झोपलं, सगळं तीत टिपलेलं.

“झोपू दे गं,” माई म्हणाली. “पहाटेच्या आंघोळीनंतर लेकरू झोपायचंच.”

“पाच तास झाले, माई. रात्रीही तिला दोनदा हलवून उठवलं. मागच्या आठवड्यात वजन इकडचं तिकडं झालं नाही.”

ताई फरशीवर बसून शेंगा सोलत होती. ताई म्हणजे माईची मधली, तोंडाने फटकळ, रविवारी माहेरी आली की सगळ्यांची झाडाझडती घेणारी. “वही भरून पोरगी वाढत नाही, वहिनी,” ती म्हणाली. “दूध पातळ असलं की लेकरू दमतं, मग झोपतं. जरा जास्त खात जा. ऑफिसातली सवय, चहावरच राहत असशील.”

सुनेने वहीची कड अंगठ्याने दोनदा दुमडली. माईने मान खाली घातली आणि बाळाच्या दुपट्याची घडी नीट केली. घडी नीटच होती.

आता माईच्या मनात काय चाललं होतं ते सांगतो. त्यासाठी तुम्हाला अकरा आठवडे मागे यावं लागेल.

बुडबुडी जन्मली तेव्हा अडली होती. बाहेर आली ती निळसर, श्वास हरवलेली. दुसऱ्या दिवशी तिला आकडी आली. ओठ चुटचुट हलायचे, एक पाय सायकल चालवल्यासारखा फिरायचा. दवाखान्याच्या काचेपलीकडून माईने ते पाहिलं आणि काचेला कपाळ टेकलं, कारण असाच पाय तिने बावन्न वर्षांपूर्वी तान्ह्या दादाचा पाहिला होता. औषध सुरू झालं. चौथ्या दिवशी आकडी थांबली. आणि नवव्या दिवशी, घरी सोडायच्या आधी, डॉक्टरीणबाईंनी औषध बंद केलं.

“बंद?” माईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “बाई, झटके थांबून पाच दिवस झालेत फक्त!”

“हो आजी. जन्माच्या वेळी मेंदूला जो त्रास झाला, त्याने ते झटके आले होते. तो भर ओसरला. मेंदूच्या लहरींचा आलेख स्वच्छ आलाय. अशा बाळांना पुढे महिनोन्‌महिने औषध देऊन जास्त राखण होते, असं दिसलेलं नाही. सुस्ती मात्र येते. पूर्वी देत असत.”

धाकट्याने मान डोलावली. सुनेने वहीत लिहून घेतलं. माई मात्र भिंतीला टेकून उभी राहिली. आग विझली म्हणून काच लगेच उघड्यावर काढायची? या शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये? काचवाल्यांच्या घरात नांदून पंचावन्न वर्षं झालेली ती बाई. तिच्या डोक्यात दुसरं काय येणार?

घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी माईने दादाच्या गोळीला सुरी लावली.

दादाला लहानपणापासून आकडीसाठी रोज एक गोळी असायची. माईने चौथा हिस्सा कापला, चमच्याच्या पाठीने चुरला. बाळाला आंघोळ घालायचा हक्क तिचा. आंघोळीनंतर घसा ओला करायला म्हणून ती सुनेकडून चमचाभर दूध काढून घ्यायची. चुरा त्यातच. दादाला पाऊण गोळी मिळायची. त्याच्या अंगात ती इतकी वर्षं मुरलेली, थोडी पुतणीला गेली तर कुठे बिघडतं? आणि मागच्या सोमवारी बुडबुडीने झोपेत दोन्ही हात झटकन फेकले. माईला ती आकडीच वाटली. मंगळवारपासून पाव गोळीची अर्धी गोळी झाली. अर्धी हिला, अर्धी त्याला.

हे घरात एकीनेच पाहिलं होतं. ताईने. मागच्या रविवारी स्वयंपाकघरात अचानक आली, सुरी पाहिली, चमचा पाहिला, माईचं तोंड पाहिलं. “काही बोलू नकोस,” माई म्हणाली होती. “तुझ्या दादाला याच गोळीने जगवलंय.” ताईने शब्द गिळला. मनात गिळलेलं असलं की माणूस दुसऱ्याला फटकन बोलतो. आजची ती दुधाची टोचणी कुठून आली ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

तर वीस मिनिटं झाली. दादा जाड हातमोजे घालून बाहेर आला. हातात पेला. हिरवट झाक असलेला, मुठीत मावणारा, कडेला किंचित वाकडा. उन्हात त्याने तो फिरवून पाहिला, उजव्या हातातला मोजा काढून नखाने टिचकी मारली. स्वच्छ आवाज आला.

“बुडबुडे, बघ गं तुझा पेला,” म्हणत तो बाकाशी वाकला. आणि वाकलेलाच राहिला.

“माई, ही अशी का?”

“कशी?”

“हात बघ.” दादाने बोटाने बाळाचा हात उचलला. सोडला. हात पडला. ओल्या फडक्यासारखा. “आणि ओठ बघ. काल असे नव्हते.”

सून जिना कशी उतरली ते कुणी पाहिलं नाही. तिने बाळ उचललं, तळव्याला टिचक्या मारल्या, गालावर पाणी शिंपडलं, नावाने हाका मारल्या. बाळाचा श्वास येत होता, पण मध्येच थांबायचा, जणू पुढचा घ्यायचा की नाही याचा विचार करतोय. धाकटा गाडीच्या किल्लीसाठी स्वतःचेच खिसे पुन्हा पुन्हा चाचपत होता. किल्ली त्याच्या हातात होती. ताईच्या मांडीवरच्या शेंगा आवारभर झाल्या.

आणि दादा? दादा वळला, चार पावलं चालत गेला, पेला पुन्हा मंद भट्टीत ठेवला, दार लावलं, आणि मग धावला. माईने आयुष्यात पहिल्यांदा दादाला धावताना पाहिलं.

दवाखान्याची ती खोली लहान होती. एक उंच टेबल, त्यावर पिवळा दिवा, भिंतीवर वजनाचा तक्ता. डॉक्टरीणबाई त्याच. नर्सने नाकाशी प्राणवायूची नळी लावली. बाईंनी पापण्या उचलून बाहुल्या पाहिल्या, टाचेतून रक्ताचा थेंब घेतला.

“साखर ठीक आहे. ताप नाही. पडली होती का? डोक्याला काही लागलं?”

“नाही,” धाकटा म्हणाला.

“काही औषध? सर्दीचं, पोटाचं, घरगुती काही? घुटी, काढा, काहीही?”

“काहीच नाही. जे होतं ते तुम्हीच बंद केलंत!” धाकट्याचा आवाज चढला. “आम्ही ऐकलं तुमचं! आणि हे बघा काय झालं! माझी आई तेव्हाच म्हणत होती, इतक्यात बंद करू नका म्हणून!”

माईच्या कानात भट्टी घुमायला लागली. कमरेच्या बटव्याची दोरी ती ओढत राहिली. देवा, तूच सांग ना कुणाकडून तरी. पण देव कधी दुसऱ्याच्या तोंडून सांगत नाही, ज्याचं त्याच्याच तोंडून वदवतो.

“ही आकडी नाहीये,” बाई शांतपणे म्हणाल्या. “ही गुंगी आहे. कशाची ते शोधायला हवं. मेंदूला जंतुसंसर्ग झाला असेल तर उशीर करून चालणार नाही. मणक्यात सुई घालून पाणी तपासायला घ्यावं लागेल. तुम्ही सगळे बाहेर थांबा. आई हवी तर थांबू शकते.”

“सुई? मणक्यात?” सून म्हणाली. तिने टेबलाची कड धरली. मग वही उघडून बाईंपुढे धरली. “बाई, हे एकदा बघा. मंगळवारपासून. रोज आंघोळीनंतर झोप वाढलीय. दोन तास, तीन तास, चार, आज पाच. मला वाटलं पाणी कढत होत असेल. आंघोळीनंतर असं का होईल?”

ताईने माईचं मनगट पकडलं. कानाशी पुटपुटली, “माई, आत्ता नको. नंतर सांगू. वहिनी तुला घरात ठेवायची नाही.”

माईने लेकीकडे पाहिलं. मग टेबलावर पाहिलं. नर्सने बाळाला कुशीवर वळवलं होतं, पाठीचे मणके मोत्यांच्या सरीसारखे दिसत होते, आणि ती कापसाने पाठ पुसत होती.

“थांबा,” माई म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की कुणीच थांबलं नाही. तेव्हा तिने मनगट सोडवून घेतलं, बटवा उघडला आणि गोळ्यांची पट्टी टेबलावर, बाळाच्या पायाशी ठेवली.

“ही देत होते मी. आधी पाव. मंगळवारपासून अर्धी.”

नर्सच्या हातातला कापूस तसाच. धाकट्याचं तोंड उघडं राहिलं. तो आईकडे असा बघत होता, जणू ती कुणा परक्या भाषेत बोलली होती.

आधी हलल्या त्या डॉक्टरीणबाई. पट्टी उचलली, नाव वाचलं, वजनाच्या तक्त्याकडे पाहून मनात हिशेब केला. “सुई राहू द्या,” त्या नर्सला म्हणाल्या. “रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासायला पाठवा. श्वासावर सतत लक्ष. आजी, कशातून देत होतात?”

“दुधातून.”

“कुठल्या?”

उत्तर सुनेने दिलं. “माझ्या.” ती हळूहळू, एकेक शब्द तपासून बोलत होती. “मी काढून द्यायचे. वाटीत. घसा ओला करायला. मी टॉवेल धरून शेजारी उभी असायचे माई, आणि तुम्ही माझ्यासमोर, माझ्याच दुधातून...” मग ती ताईकडे वळली. “आणि दूध पातळ माझं?”

ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “मला माहीत होतं,” ती बोटांआडून म्हणाली. “मागच्या रविवारपासून. वहिनी, मला माहीत होतं.”

“वेड लागलंय का तुम्हाला?” धाकटा ओरडला. “अगं माई, डॉक्टरांनी बंद केलेलं औषध! तू कोण? तू कोण ठरवणारी?”

“मी कोण?” माईचा धीर त्या एका शब्दाने सुटला. “मी ती, जिने याच गोळीवर तुझ्या भावाला बावन्न वर्षं आकडी येऊ दिली नाही! एकदासुद्धा नाही! विचार त्याला!”

दादा दाराशी उभा होता. हातमोजे अजून हातात तसेच.

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. “ही गोळी तुमची, काका?”

“हो. रोज एक. संध्याकाळी सहाला.”

“शेवटची आकडी कधी आली होती?”

दादाने माईकडे पाहिलं. त्याला कसं माहीत असणार? माई म्हणाली, “नवव्या दिवशी.”

“कुठल्या महिन्यात?”

“नाही बाई. जन्मल्यापासून नवव्या दिवशी. त्यानंतर कधीच नाही.”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. श्रोते हो, त्या खोलीत आधीच एक वीज पडून गेली होती. ही दुसरी. तिचा आवाज झाला नाही, पण ती प्रत्येकाला वेगळी लागली.

“नवव्या दिवसानंतर एकही नाही,” बाई सावकाश म्हणाल्या, “आणि औषध बावन्न वर्षं चालू. आजी, कुणी सांगितलं होतं चालू ठेवायला?”

“आमच्या जुन्या डॉक्टरांनी. फार देवमाणूस. आकडी थांबली तेव्हा म्हणाले, औषध चालू ठेवायचं, मी सांगेपर्यंत थांबवायचं नाही. मी सांगेपर्यंत, असे शब्द होते त्यांचे. मी एक दिवस चुकले नाही. बाळंतपणात नाही, हे गेले त्या दिवशीही नाही.”

“मग त्यांनी कधी सांगितलं नाही?”

माईचे ओठ हलले. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता! तिने स्वतःलाही तो कधीच विचारला नव्हता.

“ते वारले. दादा दोन वर्षांचा होता तेव्हा.”

“आणि नंतरचे?”

“नंतरचे जुनी चिठ्ठी बघायचे आणि नवी लिहून द्यायचे. वर्षानुवर्षं.” तिने पट्टीकडे बोट केलं, बोट हवेतच राहिलं. “बाई... म्हणजे... ते असते, तर त्यांनी सांगितलं असतं का?”

बाई तिच्याजवळ आल्या आणि स्टुलावर बसल्या, म्हणजे डोळे समोरासमोर आले. “बहुतेक सांगितलं असतं. त्या काळीसुद्धा काही महिन्यांनी, वर्षा-दोन वर्षांनी थांबवून बघायचे.”

“म्हणजे मला ती लागत नव्हती?” दादाने विचारलं.

त्याच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याने दुकानात भाव विचारावा तसं विचारलं त्याने. म्हणूनच कुणाला त्याच्याकडे बघवेना.

“पहिले थोडे दिवस लागत होती, काका. पुढचं आज मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत.”

“शाळेत मला झोप यायची,” दादा म्हणाला. “मास्तर बाकावर उभं करायचे, मी उभ्या उभ्या झोपायचो. मुलं हसायची. मला वाटायचं मी आळशी आहे. माई, मी तुला म्हणालो होतो ना एकदा, की मी लबाडी नाही करत, खरंच डोळे मिटतात?”

“म्हणाला होतास,” माई म्हणाली. “मी तुला शाळेतून काढला.”

“ते गोळीमुळे होतं का, बाई?”

“असेल. जन्माच्या वेळच्या इजेमुळेही असेल. दोन्ही थोडं थोडं असेल. खोटं सांगणार नाही, आता ते वेगळं करून दाखवता येणार नाही.”

दादाने मान डोलावली. मग दुसराही हातमोजा काढला, एकात एक घातले आणि म्हणाला, “हल्ली मला सकाळी आपोआप जाग येते. दोन महिने झाले.”

दोन महिने! हिशेब करायला कुणाला वेळ लागला नाही. पाव हिला, पाऊण त्याला. ताई भिंतीला टेकून खाली बसली. धाकटा, जो घटकेपूर्वी ओरडत होता, तो भावाकडे पाहात राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. लहानपणापासून त्याने या भावाच्या डुलक्यांच्या नकला केल्या होत्या, साऱ्या कारखान्याला हसवलं होतं.

“मग आजपासून बंद करतो,” दादा म्हणाला.

“अजिबात नाही!” बाई ताडकन उठल्या. “हे नीट ऐका. हिला त्या वेळी आठवडाभराचंच औषध होतं, ते थांबवता आलं. तुमच्या मेंदूला बावन्न वर्षांची सवय आहे. एकदम सोडलंत तर खरोखरची आकडी येईल, जिवावर बेतेल. आजींनी तुमच्या नकळत अर्धी केली तेव्हा काही झालं नाही, हे नशीब. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू, ते तक्ता देतील. महिनोन्‌महिने, थोडी थोडी कमी.”

दादाच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. त्या दिवसातलं ते पहिलं हसू.

“निववायची,” तो म्हणाला. “एवढंच ना? ते मला येतं.”

बुडबुडीने डोळे उघडले ते तिसऱ्या दिवशी, दुपारी. आधी एक पाय हलला, मग तोंड वाकडं झालं, आणि मग अशी किंचाळली की शेजारच्या खाटेवरचं बाळही रडायला लागलं. सुनेने वहीत लिहिलं: दोन वाजून दहा मिनिटं, रडली. शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. माई बाहेरच्या बाकावर बसून तो आवाज ऐकत होती. आत ये, असं तिला कुणी म्हटलं नाही. तीही गेली नाही.

सातव्या दिवशी बाळ घरी आलं. सकाळी न्हाणीतून पाण्याचा आवाज आला तेव्हा माई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. पुसलेलीच पुन्हा पुसत होती. पंचावन्न वर्षांत या घरातल्या एकाही तान्ह्याला दुसऱ्या कुणी न्हाऊ घातलं नव्हतं. थोड्या वेळाने सुनेची हाक आली.

“माई.”

माई दाराशी गेली, उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली. सुनेने मान वर केली नाही. बाळाच्या डोक्यावर तिने ओंजळीने पाणी घातलं, आणि मग म्हणाली, “टॉवेल धरून उभ्या राहा.”

एवढंच. त्यात माफी नव्हती, जवळीक म्हणावी तर तीही नव्हती. पण माईने टॉवेल असा धरला, जसा कुणी प्रसाद घ्यायला हात पसरावा. तिची आसवं टॉवेलात गेली, ती कुणाला दिसली नाहीत. की दिसली? सुनेचे डोळे चूक शोधायला शिकलेले. तिने टॉवेल घेताना कोरडी बाजू वर केली.

त्याच संध्याकाळी, सहाला पाच कमी असताना, दादा गोळ्यांची पट्टी, नवा तक्ता आणि सुरी घेऊन माईसमोर बसला. मेंदूच्या डॉक्टरांनी दहा महिन्यांचा उतार लिहून दिला होता, आणि तळाशी, दादाने मुद्दाम सांगून लिहून घेतलेली, शेवटच्या गोळीची तारीख.

“कापून दे,” तो म्हणाला.

माईने हात मागे घेतले. “नको रे. माझ्या हाताने नको. ताईला सांग. मला आता सुरी धरवत नाही.”

“ताईच्या हाताने चुरा होईल. तू कापलीस तर कण सांडणार नाही.” त्याने सुरी तिच्या मुठीत ठेवली, वर आपला जाड, भाजल्याच्या डागांचा तळहात ठेवला. “बावन्न वर्षं तू न चुकता दिलीस. तितकीच न चुकता कमी कर. मी तक्ता वाचतो. अक्षरं मोठी काढून घेतलीत.”

माईने गोळी ताटलीत ठेवली. डोळे पुसले. सुरी लावली. दादा मोठ्याने, बोट ठेवून, अडखळत तक्ता वाचत होता, आणि आतल्या खोलीत बुडबुडी भुकेने घर डोक्यावर घेत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना माई खाली आली तर दादा आधीच आवारात उभा. मंद भट्टीचं दार त्याने उघडलं होतं. त्या रविवारी घाईत ठेवलेला पेला तसाच आत होता, सात दिवस. तडा नाही. पेला हातात घेऊन तो मोठ्या भट्टीच्या तोंडाकडे बघत होता.

“माई,” तो म्हणाला, “पहाटेच्या या वेळेला आग निळी दिसते. कडेला. तुला माहीत होतं?”

“हो.”

“मला नव्हतं,” दादा म्हणाला, आणि लख्ख उजाडेपर्यंत बघत राहिला.

माझी गोष्ट इथेच ठेवतो. तुमच्याकडे एकच मागणं आहे. उद्या सकाळी कुणीही हाक न मारता तुमचे डोळे आपोआप उघडले, तर अंथरुणातून उठण्याआधी, देवाचं नाव घ्याल त्याच श्वासात, त्या दादाची आठवण काढा.